उकरू नकोस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. स्पर्धा परीक्षेत पुन्हा अपयश आलेला तो मुलगा तुझ्याकडे नेमाने येतो, मोकळे बोलतो, पूर्वीपेक्षा बरा झोपतो, अभ्यासिकेत पुन्हा बसू लागला आहे. आणि तू मात्र ‘मी नुसती ऐकते, खरी थेरपी करतच नाही’ म्हणून कष्टी आहेस. वडिलांचा विषय निघाला की तो थट्टा करून वेळ मारून नेतो, त्या थट्टेमागे शिरून बालपण बाहेर काढावे असे तुला वाटते. उकरू नकोस.

ती थट्टा हा सध्या त्याचा आधार आहे. आधारदायी मानसोपचारात माणसाने स्वतःला सावरण्यासाठी जे उभे केले आहे, ते घातक नसेल तर आपण जपतो, शक्य झाल्यास बळकट करतो. परीक्षा तोंडावर असताना तू त्याला जुन्या दुखण्यात उतरवलेस, तर त्यातून वर यायला लागणारा वेळ त्याच्यापाशी आहे का? तो स्वतःहून वडिलांविषयी बोलू लागला तर अवश्य ऐक, परंतु बोट धरून नेऊ नकोस.

‘नुसते ऐकणे’ हा शब्दप्रयोग मला चीड आणतो. त्याच्या विस्कळीत बोलण्यातून नेमकी अडचण कोणती ते त्याच्यासमोर नीट मांडणे, खोटा धीर न देता त्याने खरोखर केलेल्या गोष्टीचे नाव घेऊन कौतुक करणे, झोप, जेवण आणि अभ्यास यांचा झेपेल असा दिनक्रम त्याच्याकडूनच ठरवून घेणे, शांतता त्याला जड होऊ लागली की ती आपण होऊन मोडणे, ही सगळी कौशल्ये आहेत. समानुभूती, विनाअट स्वीकार आणि सच्चेपणा यांना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1957 सालीच बदलाच्या अटींमध्ये स्थान दिले होते. न्यूझीलंडमध्ये अ‍ॅनोरेक्सियाच्या (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळण्याच्या आजाराच्या) 56 स्त्रियांवर झालेला आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर मी कित्येकांना ऐकवला आहे: दोन नावाजलेल्या विशेष उपचारपद्धतींशी तुलना करण्यासाठी ठेवलेला, आधार आणि आहाराचे मार्गदर्शन देणारा साधा उपचारच उपचारांच्या अखेरीस सरस ठरला. काही वर्षांनी तो फरक उरला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण हलका ठरवलेला उपचार मागे पडला नाही, एवढे माझ्यासाठी पुरेसे आहे.

माझ्या सहकाऱ्यांनी मला वर्षानुवर्षे ‘गप्पावाले’ म्हटले. बैठकांत मी गप्प बसलो, याची आज खंत वाटते. मी निवडलेल्या मार्गाची मात्र वाटत नाही. नव्या पद्धतीचे प्रमाणपत्र दरवर्षी भिंतीवर टांगले असते तर मान वाढला असता, माझ्याकडे येणाऱ्यांची झोप वाढली असती असे मला वाटत नाही. असो, हे माझे गाऱ्हाणे झाले.

एका बाबतीत मात्र संकोच नको. ‘जगणे नको वाटते का, जीव देण्याचा विचार येतो का’ हे त्याला सरळ शब्दांत विचार. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही भीती निराधार आहे. हे उकरणे नव्हे, ही तुझी जबाबदारी आहे, आणि या दोहोंतला फरक तुला कळलाच पाहिजे. उत्तर होकारार्थी आले तर मला त्याच दिवशी कळव, त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठव, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये आजच साठवून दे. उकरू नकोस म्हणजे घाबरून गप्प बस, असा अर्थ तू काढशील, म्हणून इतके स्पष्ट लिहितो आहे.

निकालाआधीच्या भेटीत त्या संध्याकाळचे बोल: निकाल तो कुठे पाहणार, सोबत कोण असेल, घरचा फोन लगेच घ्यायचा की तासाभराने. वडिलांचा विषय तिथे आपसूक येईल. आला तर त्या फोनपुरताच बोलू दे. आणि बालपणातील आघातांवरच्या त्या महागड्या कोर्सचे पैसे अजून भरले नसशील, तर ही परीक्षा होईपर्यंत भरू नकोस.

तुझा,
सर