ट्रान्झिट व्हिसा न काढता मुंबईहून साओ पाउलोला स्वस्तात कसे जावे?

तुमचा प्रश्न मी असा समजतो : ब्राझीलचा व्हिसा तुमच्या भारतीय पासपोर्टवर आहे, अमेरिका, ब्रिटन किंवा युरोपचा एकही व्हिसा नाही आणि वाटेतल्या देशासाठी वेगळा ट्रान्झिट व्हिसा न काढता मुंबई ते साओ पाउलो जाऊन-येऊन कमीत कमी पैशांत प्रवास करायचा आहे. पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या कामासाठी मी या मार्गाने चार वेळा गेलो आहे आणि त्यांतल्या पहिल्या खेपेला चांगलीच ठेच खाल्ली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक जण आधी सर्वांत स्वस्त तिकीट शोधतात आणि मग व्हिसा लागेल का, असे विचारतात. आपल्या पासपोर्टला हा क्रम उलटा करावा लागतो. आधी विमान बदलण्याची ठिकाणे ठरवावीत आणि भावांची तुलना त्यांच्यापुरतीच करावी. गूगल फ्लाइट्सवर कनेक्टिंग विमानतळ निवडण्याचा किंवा वगळण्याचा फिल्टर आहे. त्यात नको असलेल्या शहरांवरच्या खुणा काढल्या की यादी एकदम आटोपशीर होते आणि एका न चालणाऱ्या तिकिटाच्या स्वस्ताईने मन चळत नाही.

वगळायचे काय, ते आधी सांगतो. अमेरिकेत इमिग्रेशन न ओलांडता विमान बदलण्याची सोयच नाही. मायामी असो वा न्यूयॉर्क, प्रत्येक प्रवाशाला इमिग्रेशनमधून जावे लागते, त्यामुळे दोन तासांच्या थांब्यालाही व्हिसा हवा. कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा निःशुल्क असला तरी तो आधी अर्ज करून घ्यावा लागतो. लंडनला आतल्या आत विमान बदलतानाही भारतीयांना व्हिसा लागतो. तुमच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा असता, तर लंडनच्या आणि युरोपच्या या अटीतून सूट मिळाली असती, पण तो नसल्याने हा विचार सोडलेला बरा.

युरोपचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे, आणि पैसे बुडतात ते बहुधा येथेच. शेंगेन देशांची (म्हणजे आपसांत सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाची) एक सामाईक यादी आहे. तिच्यातल्या देशांच्या नागरिकांना कोणत्याही शेंगेन विमानतळावर नुसते विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागतो. भारत त्या यादीत नाही. मात्र प्रत्येक देशाला आपली वेगळी भर घालता येते, आणि जर्मनी व फ्रान्स यांनी भारतीयांवर ही अट वर्षानुवर्षे ठेवली होती, तर शेजारच्या नेदरलँड्सने ठेवली नाही. म्हणून फ्रँकफर्टला जे अडले, ते ॲमस्टरडॅमला अडत नसे. या भरीच्या याद्या बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याच्या दिवशीच त्या त्या देशाच्या दूतावासाचे संकेतस्थळ उघडून पाहावे, कोणाच्या जुन्या अनुभवावर (माझ्याही) विसंबू नये.

येथे दुसरा सापळा आहे. मुंबई–ॲमस्टरडॅम–साओ पाउलो हे तिकीट चालते, पण मुंबई–ॲमस्टरडॅम–लिस्बन–साओ पाउलो हे चालत नाही, जरी सगळे टप्पे एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) असले तरी. ॲमस्टरडॅम ते लिस्बन हा शेंगेनच्या आतला प्रवास असल्याने ॲमस्टरडॅमलाच इमिग्रेशन ओलांडावे लागते, म्हणजे ट्रान्झिट व्हिसाही पुरत नाही, पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. ब्राझीलकडे लिस्बनहून भरपूर विमाने जातात, त्यामुळे अशी जोडणी शोधयंत्र हमखास वर आणून दाखवते. युरोपमार्गे जायचेच असेल, तर वाटेत शेंगेनचा एकच विमानतळ असावा, हा नियम पक्का धरावा.

माझी ठेच मात्र याहून साधी होती. मी मुंबई ते युरोपातले एक शहर हे एका कंपनीचे आणि तिथून साओ पाउलो हे दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन वेगवेगळी तिकिटे काढली, कारण बेरीज बरीच कमी येत होती. मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीने शांतपणे विचारले, ‘सर, सामान कुठे घेणार?’ तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोन तिकिटे वेगळी असली की सामान पहिल्या मुक्कामी बाहेर येते, ते घ्यायला आपल्याला त्या देशात शिरावे लागते, आणि शिरायचे म्हणजे व्हिसा हवा. तिने मला विमानात बसू दिले नाही आणि तिचे काही चुकलेही नाही, कारण कागदपत्रे अपुरी असलेला प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला होतो. करांची किरकोळ रक्कम तेवढी परत मिळाली. म्हणून ‘सेल्फ ट्रान्सफर’ किंवा ‘वेगवेगळी तिकिटे’ अशी खूण दिसली की भाव कितीही मोहक असो, पुढे सरकावे.

आता चालणारे मार्ग. दोहा आणि दुबई येथून साओ पाउलोला थेट विमान आहे (सुमारे पंधरा तास, गुडघ्यांची तयारी ठेवावी), इस्तंबूलहूनही आहे आणि अदिस अबाबाहूनही आहे. या चारही ठिकाणी एकाच तिकिटावर, विमानतळाच्या आत राहून विमान बदलताना भारतीयांना व्हिसा लागत नाही. इस्तंबूलला दोन विमानतळ आहेत. एकावर उतरून दुसऱ्यावरून निघणारी जोडणी घेतली, तर तुर्कस्तानात शिरावे लागेल, म्हणून दोन्ही विमानतळांची नावे जुळवून पाहावीत. मला स्वतःला चारपैकी दोन वेळा अदिस अबाबाचा मार्ग सर्वांत स्वस्त पडला. तिथला विमानतळ दोह्याइतका आरामाचा नाही, परंतु मुंबईहून तिथे थेट विमान असल्याने प्रवास दोनच टप्प्यांत संपतो.

एक खर्च कोणत्याच शोधयंत्रात दिसत नाही, तो पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचा. ब्राझील आणि इथिओपिया हे दोन्ही पीतज्वराचे देश मानले जातात आणि तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लशीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवले जाते. लस किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि त्यांचे वार ठरलेले असतात, म्हणून तिकीट हाती येताच वेळ घ्यावी. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते, त्यामुळे पुढच्या खेपेला ही धावपळ नाही.

भावाबद्दल थोडेच सांगतो. जाण्या-येण्याचे तिकीट एकत्रच काढावे, कारण या कंपन्यांचे एकेरी भाडे अनेकदा दुहेरीच्या निम्म्याहून बरेच जास्त असते. डिसेंबरच्या सुट्ट्या आणि कार्निव्हलचे दिवस टाळावेत. शोध संकेतस्थळावर करावा, परंतु खरेदी शक्यतो विमान कंपनीकडूनच करावी, भले चार पैसे जास्त पडोत. वेळापत्रक बदलल्यावर मध्यस्थ फोन उचलत नाही, आणि कंपनी म्हणते की मध्यस्थाला विचारा.

पैसे भरण्यापूर्वी परतीचा प्रवासही याच चाळणीतून काढावा, कारण जाताना दोहा आणि येताना पॅरिस असे मिश्र तिकीट सर्रास विकले जाते. विमान कंपन्यांचे कर्मचारी काउंटरवर टिमॅटिक नावाच्या माहितीसंचात नियम पाहतात. तोच शोध काही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर प्रवाशांनाही करता येतो. तिथे राष्ट्रीयत्व, गंतव्य आणि थांब्याची शहरे भरून आलेला मजकूर छापून घ्यावा. काउंटरवर कोणी अडवलेच, तर तो कागद पुढे करता येतो.