नाव आलंय का, बघतो

"एवढं राबतोय, पण कुणी दखल घेत नाही" ही तक्रार माझ्याकडे शिक्षक घेऊन येतात, बँकेतल्या बाई घेऊन येतात, धाकट्या सुना तर हमखास. पण ती सर्वांत धारदार शब्दांत मांडली एका सत्तावीस वर्षांच्या बातमीदारानं. साहजिक आहे, इतरांची कौतुकं छापणं हे त्याचं रोजचं काम होतं. (त्याच्या परवानगीनं लिहितेय. ओळखू येतील असे तपशील बदललेत, आणि नाव तर देतच नाही. सगळं नावावरूनच सुरू झालं होतं.)

तो आला जानेवारीच्या शेवटी. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हेल्मेट मांडीवर घेऊन बसला आणि पहिली पंधरा मिनिटं बातमी सांगावी तसं बोलला. कधीपासून, कुठे, किती वेळा. तीन आठवडे धड झोप नाही. रात्री एकला ऑफिसातून घरी यायचं आणि पहाटे पाचला डोळे टक्क उघडायचे. छातीत धडधड. उठल्या उठल्या मोबाइलवर ई-पेपर उघडायचा.

"नाव आलंय का, बघतो."

बातमीवर नाव असेल तर अर्धा तास बरं वाटायचं. मग बातमी कितव्या पानावर लागली, किती कॉलमी, फोटो घेतलाय का, याचा हिशेब सुरू. नुसतं 'प्रतिनिधी' असेल तर तो दिवस गेलाच.

धडधडीसाठी त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. समुपदेशकानं छातीतल्या धडधडीचा अर्थ मनातून काढत बसू नये, आधी ईसीजी काढून घ्यावा, या मताची मी आहे. ईसीजी ठीक निघाला. चहा मात्र दिवसाला अकरा कप होता.

निमित्त घडलं ६ जानेवारीला. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच दिवशी 'दर्पण' सुरू केलं, म्हणून महाराष्ट्रात हा पत्रकार दिन. गावोगावी कार्यक्रम, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. अशाच एका कार्यक्रमात त्याच्या वर्गमित्राला पुरस्कार मिळाला. दोघं विद्यापीठात एका बाकावर बसून पत्रकारिता शिकलेले, आता वेगवेगळ्या दैनिकांत. आणि त्या कार्यक्रमाची बातमी करायला ऑफिसनं नेमकं यालाच पाठवलं.

"सगळ्यांसाठी टाळ्या वाजवल्या मॅडम. मित्राला मिठी पण मारली. आणि रात्री घरी जाऊन जेवलो नाही."

इथं खूप जण एक सोपा सल्ला देतात: काम करत राहा, फळाची अपेक्षा धरू नका. मी तो दिला नाही. सत्ताविसाव्या वर्षी, तुटपुंज्या पगारावर, सुट्टीचा वार नसलेल्या नोकरीत माणसानं मान्यतेची अपेक्षा धरली तर त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? सन्मानचिन्हाला हसणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या घरी शोकेसमध्ये पाहावं. माझ्याही कपाटात दोन शाली आहेत आणि त्या कुठे मिळाल्या ते मला तारखेसकट आठवतं.

त्यामुळे मी त्याला सरळ विचारलं, "तुला कोणता पुरस्कार हवाय?"

यादी तोंडपाठ होती. राज्य शासनाचे उत्कृष्ट पत्रकारितेचे पुरस्कार, मग रामनाथ गोएंका पुरस्कार. त्याच्या खोलीच्या भिंतीवर ग्रामीण भागावर लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांचं कात्रण, २००७ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हाचं. तेव्हा हा शाळेत होता.

"आजवर प्रवेशिका किती पाठवल्यास?"

तो हेल्मेटची पट्टी ओढत राहिला. एकही नाही. पाच वर्षांत एकही नाही.

वाचकांसाठी सांगते, पत्रकारितेचे असले बहुतेक पुरस्कार आपोआप दारात येत नाहीत. वर्षभरात छापून आलेल्या कामाची कात्रणं जोडून, अर्ज भरून, मुदतीत स्वतः प्रवेशिका पाठवावी लागते. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. शासनाच्या पुरस्कारांसाठी प्रवेशिका मागवल्याची प्रेसनोट यानंच लावलेली. मुदत संपायच्या आदल्या दिवसापर्यंत फाइल तयार करायचा आणि मग "यंदा तितकं दमदार काही नाही" म्हणून ठेवून द्यायचा.

हे आळसापोटी नव्हतं. प्रवेशिका पाठवली आणि नंबर आला नाही, तर आपण कमी पडलो हे ठरून जाणार. पाठवलीच नाही, तर "मला कुणी विचारत नाही" असं म्हणायची सोय राहते. हे दुसरं दुःख जरा मऊ असतं, उशाला घेऊन झोपता येतं. पाच वर्षांनी तेही टोचायला लागलं, एवढंच. साईनाथांनाही १९९३ साली एका फेलोशिपसाठी अर्ज करावा लागला होता, ती मिळाल्यावर ते गरीब जिल्ह्यांत फिरले, हे मी त्याला आठवून दिलं. त्यानं ते वाचलेलं होतं. अर्जाचा भाग तेवढा विसरला होता.

पुढच्या वेळी मी त्याला सगळी कात्रणं घेऊन बोलावलं. जाडजूड फाइल. म्हटलं, प्रत्येक कात्रणावर नाव असतं ते बोटानं झाक आणि मला सांग, यातली कुठली तू तरीही जपून ठेवशील?

वेळ लागला. पहिल्या पानावरच्या दोन-तीन बातम्यांवरून बोट पटकन पुढे गेलं. थांबलं ते पहिल्याच वर्षातल्या एका मजकुरावर. गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालणाऱ्या जळव्यावर लिहिलेला तो तुकडा होता. गुळाच्या सौद्याची बातमी आणायला शाहू मार्केट यार्डात जाता जाता हा गुऱ्हाळावर थांबला आणि अख्खी रात्र तिथंच बसला. गुळव्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, जाळ घालणाऱ्याला कोण विचारतो, असं त्याला वाटलं म्हणून लिहिलं. "कुणी सांगितलं नव्हतं. मजा आली म्हणून केलं," तो म्हणाला. आणि पहिल्यांदा सैल बसला.

मी त्याला एक जुना प्रयोग सांगितला. अमेरिकेत १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला. चित्रं काढायची हौस असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं की फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी रंगीत पेन पुन्हा समोर ठेवले, तेव्हा कबूल केलेल्या बक्षिसासाठी चित्रं काढलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ त्यात रमली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची हौस मात्र शाबूत होती. बालवाडीतला निष्कर्ष पत्रकाराला जसाच्या तसा लावू नये, हे मान्य. पण तो ऐकून म्हणाला, "म्हणजे मी आता बातमी लिहितानाच परीक्षकांना दाखवत असतो." मला एवढंच हवं होतं.

मग ओघात एक गोष्ट निघाली, ती त्यानं तक्रार म्हणून सांगितली. पावसाळ्यात पंचगंगेच्या पाणीपातळीचा आकडा त्याच्याकडे असतो. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, किती इंच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. त्याला नाव नसतं, चार ओळींची चौकट. "ही काय पत्रकारिता आहे? कारकुनी आहे." मागच्या जुलैत डेस्कवर (बातम्या तपासून पानात लावणाऱ्यांकडे) टाइप करताना ३६ चे ३९ झाले. सकाळी साडेसहाला नदीकाठच्या प्रयाग चिखलीतून एका आजोबांचा फोन, नंबर त्यांनी कुठून मिळवला देव जाणे.

"पाणी छत्तीसवर हाय आणि तुम्ही एकोणचाळीस छापताय व्हय? तुमचा आकडा बघून म्हसरं सोडतोय आम्ही!"

"चूक डेस्कची, शिव्या मला," तो म्हणाला.

मला हसू आलं, आणि ते लपवलं नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये घरोघरी अग्रलेखाआधी तीच चौकट वाचतात. मीही वाचते. त्याला विचारलं, गेल्या वर्षात तुझी कुठलीही बातमी वाचून आणखी कुणी सकाळी साडेसहाला फोन केला होता? नव्हता केला. तो बराच वेळ गप्प होता. मीही पुढे काही बोलले नाही.

माझ्या लेखी अडचण अशी होती: 'मला हे काम येतंय का' हा प्रश्न तो वर्षातून एकदा, स्टेजवरच्या लोकांना विचारत होता, आणि रोज ज्यांना विचारता आला असता त्यांना टाळत होता. ऑफिसात एक जुने वृत्तसंपादक होते. फटकळ, पण कॉपी बारकाईनं वाचणारे. त्यांच्यापुढे हा बातमी टेबलावर ठेवून पळायचा. आम्ही ठरवलं, आठवड्यातून एकदा एक बातमी घेऊन त्यांच्याजवळ बसायचं आणि विचारायचं, "सर, यात काय राहिलं?" कशी झाली, हे विचारायचं नाही. पहिल्या खेपेला त्यांनी सहा गोष्टी काढल्या. आमचा गडी हादरून आला. तिसऱ्या खेपेला दोनच काढल्या आणि वर म्हणाले, इंट्रो (बातमीची सुरुवात) बरा आहे. हे वाक्य त्यानं मला दोनदा सांगितलं.

ई-पेपर सकाळी आठच्या आत उघडायचा नाही, हेही ठरवलं. पहिले दहा दिवस फार जड गेले, दोनदा मोडलंही. चहा चारवर आणला. झोप मार्चअखेर बरीचशी जागेवर आली. आली नसती तर मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, कशातच रस उरला नसेल, तर नुसत्या बोलण्यावर अवलंबून राहू नये.

एप्रिलमध्ये एकदा येऊन म्हणाला, एक राहिलंय. पत्रकार दिनाच्या बातमीत मित्राच्या कामाबद्दल दोन परिच्छेद होते. पाठवायच्या आधी ते त्यानंच उडवले होते. जागेची अडचण नव्हती.

"मी असला माणूस आहे, मॅडम."

असूया वाटली म्हणून माणूस वाईट ठरत नाही, पण परिच्छेद उडवला तो उडवलाच, हे दोन्ही मी सांगितलं. पुढचं त्यानं ठरवलं. दोघं रंकाळ्यावर भेटले, भेळ खाता खाता यानं कबूल केलं. मित्र घास चावत राहिला, मग म्हणाला, "आमच्यात तुझा पेपर येतच नाही रे. मी ती बातमी वाचलीच नव्हती."

त्यानंतर त्या दोघांनी मिळून जुन्या फायली काढल्या. जळव्याचा मजकूर जुना, नियमात बसत नव्हता. म्हणून यंदाच्या हंगामात तो पुन्हा गुऱ्हाळावर जाणार आहे, या वेळी तीन गुऱ्हाळांवर. प्रवेशिकेचा अर्ज मित्राकडे ठेवायला दिलाय, कारण स्वतःकडे ठेवला तर मुदत टळेल, असं तोच म्हणाला.