तांडेल की बागायतदार?

प्रश्न : माझ्या कादंबरीची नायिका हर्णैजवळच्या गावात आमसुलं करून विकते. ट्रॉलरवरचा तांडेल (मासेमारी बोटीचा प्रमुख) आणि हापूसचा बागायतदार, दोघंही तिच्यात गुंतलेत. २२ पैकी १६ प्रकरणं झाली तरी तिनं कुणाला निवडावं ते ठरत नाही. मसुदा वाचलेल्या मैत्रिणींना तांडेलच हवा. काय करू?
— एक लेखिका, दापोली

उत्तर : मैत्रिणींचा कौल तूर्त बाजूला ठेवा. तो तांडेलापेक्षा पावसाळ्याला मिळालेला दिसतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, तांडेल मोकळा आणि नायिकाही. बागायतदाराची धांदल मार्च ते मे. त्यातल्या एप्रिल-मेमध्ये तीही रातांबे (कोकमाची फळं) फोडून सालींना मिठाच्या रसाची पुटं देत, उन्हात वाळवत बसलेली. पाऊस यायच्या आत उरकलं नाही, तर बुरशी. साहजिकच एकाच्या वाट्याला निवांत गप्पा येतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला तिचं ‘नंतर बोलू’.

म्हणून ऋतूंची अदलाबदल करून प्रत्येकाचे दोन प्रसंग नव्यानं लिहा. तांडेल ऑगस्टमधला घ्या : डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांची उचल यांत बुडालेला. बागायतदार पावसाळ्यातला, आंबा संपून हिशेब मिटल्यावरचा. कादंबरीत हे प्रसंग ठेवायलाच हवेत असं नाही.

मग दोघांनाही एकाच पेचात टाका. मे अखेरीस अवकाळी सर आली, वाळवण भिजलं. कोण धावून येतो हे पाहू नका; मदत दोघंही करतील, नायकच ते. ती कुणावर चिडते, कुणासमोर नुकसानीचा खरा आकडा सांगते, ते पाहा. उत्तर बहुधा तिथंच सापडेल. ‘दोघंही नकोत’ असंही निघू शकतं. तेही लिहिण्याजोगं आहे.

ठरल्यावर सतराव्या प्रकरणात दुसऱ्याला एकाएकी दारुडा करू नका. तांडेलाला वादळात बुडवणं तर त्याहून वाईट : मग निवड नायिकेची राहत नाही, हवामान खात्याची होते. नाकारला जाणारा शेवटपर्यंत हवाहवासा राहिला, तरच तिच्या नकाराला वजन येतं. त्या नकाराचं कारण पहिल्या सात-आठ प्रकरणांत कुठंतरी पेरलेलं हवं, अगदी एखाद्या ओळीत, सहज. त्यासाठी मागं जावं लागेल. सतरावं त्यानंतर घ्या.