पर्ल हार्बरमधल्या 'व्हेस्टल' या रिपेअर शिपचं पुढे काय झालं?

बुडाली नाही, उलट युद्धभर दुसऱ्यांची जहाजं दुरुस्त करत बसली. मुळात ही कोळसा वाहायची बोट, 1908 ला पाण्यात उतरवली आणि 1913 मध्ये तिचं तरंगतं वर्कशॉप केलं. 7 डिसेंबर 1941 ला जपानने पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केला तेव्हा ती नेमकी 'ॲरिझोना' या युद्धनौकेला खेटून बांधलेली, तिला स्वतःला दोन बॉम्ब लागले आणि ॲरिझोना फुटली त्या धक्क्याने कॅप्टन कॅसिन यंग समुद्रात फेकला गेला, तो पोहत परत चढला आणि बघतो तर लोक जहाज सोडून निघालेत, मग त्यांना माघारी पाठवून जहाज बाजूला काढलं आणि बुडू नये म्हणून उथळ पाण्यात रुतवलं. त्याआधी व्हेस्टलवरच्या एका खलाशाने ॲरिझोनावर दोर फेकला, भाजलेल्या हातांनी लटकत सहा जण आले. अंगावर काटा येतो राव.

पुढे स्वतःचीच डागडुजी करून 1942 ला दक्षिण पॅसिफिकमधलं टोंगा, मग तिथलंच नूमेआ बंदर. 'एंटरप्राइझ' विमानवाहू जहाज तर काम पूर्ण व्हायच्या आतच लढाईला निघालं आणि व्हेस्टलचे कारागीर वरच ठोकाठोकी करत सोबत गेले! 1946 ला निवृत्त, 1950 ला भंगारात.