वाचकांचे प्रश्न : वडिलांची बंदूक गोव्यातल्या भाच्याला

प्रश्न : आम्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात राहतो. वडिलांच्या नावावर परवान्याची दुनळी बारा बोअर बंदूक होती. आठ महिन्यांपूर्वी ते वारले. परवान्याची मुदत अजून दीड वर्ष आहे, म्हणून बंदूक घरातच कपाटात कुलपात ठेवली आहे. मी आणि पुण्याचा धाकटा भाऊ, दोघांनाही ती नको. बहिणीचा मुलगा गोव्यात सत्तरी तालुक्यात कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, सांभाळतो. वानर आणि रानडुकरांचा त्याला फार त्रास आहे आणि आजोबांची आठवण म्हणूनही त्याला ती हवी आहे. आई, बहीण आणि आम्ही दोघे भाऊ सर्वांची संमती आहे. गणपतीला तो घरी येईल तेव्हा परवान्याच्या पुस्तकासह गाडीतून घेऊन गेला आणि नंतर तिकडे नावावर करून घेतली, तर चालेल का?

उत्तर : नाही, चालणार नाही; आणि त्याआधीची गोष्ट म्हणजे बंदूक आज आपल्या कपाटात आहे, हेसुद्धा चालणारे नाही. परवान्यावर मुदतीची जी तारीख छापलेली असते ती परवानाधारकासाठी असते, बंदुकीसाठी किंवा घरासाठी नव्हे. वडील गेले त्या दिवशी तो परवाना त्यांच्याबरोबरच संपला. बंदुकीची मालकी इतर चीजवस्तूंप्रमाणे वारसांकडे येते, ताबा मात्र वारशाने येत नाही, तो ज्याच्या त्याच्या परवान्यानेच येतो. आपल्या पत्रातला सगळा घोळ या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे झालेला आहे.

शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 21 प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीने शस्त्र आणि काडतुसे विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागतात. आठ महिने हा विलंबच आहे. तरीही आपण स्वतः होऊन, मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना घेऊन, उशिराचे कारण सांगणाऱ्या अर्जासह ठाण्यात गेलात तर त्याकडे पाहण्याची दृष्टी एक असते. हीच बंदूक गोव्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर भाच्याच्या गाडीत सापडली तर ती अगदी निराळी असते. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद व दंड अशी शिक्षा आहे, आणि घेणाऱ्याला ती बाळगण्याचा अधिकार आहे की नाही याची खात्री न करता त्याच्या हाती शस्त्र देणे हाही कलम 29 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे भाचा अडकेल आणि त्याच्याबरोबर आपणही. मूळ परवान्याचे पुस्तक जवळ असल्याचा काहीही उपयोग होणार नाही, कारण त्यावर फोटो मृत व्यक्तीचा आहे.

तेव्हा गणपतीची वाट न पाहता याच आठवड्यात जमा करण्याचे काम उरका. आधी ठाण्यात फोन करून, अमुक दिवशी अमुक वाजता बंदूक घेऊन येत आहोत, असे कळवा. भर रस्त्याने बंदूक खांद्यावर टाकून जाण्याचे दिवस गेले. निघण्यापूर्वी बंदूक बिजागरीपाशी उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा. घरात हे काम कोणाला येत नसेल तर तिला हात न लावता ठाण्यालाच माणूस पाठवण्याची विनंती करा. दुनळी बंदुकीच्या नळ्या, पुढचे लाकूड आणि दस्ता असे तीन भाग सहज सुटे होतात. ते तसेच सुटे करून पिशवीत घाला आणि काडतुसे वेगळ्या डब्यात, मोजून घ्या. चापाभोवतीच्या कडीच्या खालच्या बाजूला आणि नळ्यांवर कोरलेला क्रमांक भिंगातून नीट वाचा, त्याचा फोटो काढा आणि परवान्यातल्या क्रमांकाशी ताडून पाहा. जुन्या हस्तलिखित परवान्यांत तीनाचा आठ झालेला असतो, आणि ती चूक ऐन हस्तांतराच्या वेळी उघडकीला आली की प्रकरण पुन्हा पहिल्या टेबलावर जाते. जमा पावतीवर बनवणाऱ्या कंपनीचे नाव, बोअर, क्रमांक, काडतुसांची संख्या आणि बंदुकीची स्थिती एवढे लिहून घेतल्याशिवाय परतू नका. पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत कोकणातला एक पावसाळा गेला की नळ्यांना आतून गंज चढतो. शस्त्रविक्रेत्याकडे भाडे पडते, पण तेलपाणी होते. प्रकरण वर्षभर चालण्याची शक्यता धरली, तर ते भाडे मला महाग वाटत नाही.

जमा केल्यावर हक्क जात नाही, हे घरच्यांना, विशेषतः आईंना, समजावून सांगावे. त्याच कलम 21 नुसार नियमांत ठरवलेल्या मुदतीच्या आत वारसांना दोन गोष्टी करता येतात : त्यांच्यापैकी कोणी परवाना मिळवला तर बंदूक परत घेणे, किंवा ती बाळगण्यास कायद्याने पात्र असलेल्या दुसऱ्या व्यक्तीला विक्रीने वा अन्य रीतीने देणे. मुदत उलटली आणि काहीच केले नाही, तर जिल्हादंडाधिकारी बंदूक सरकारजमा करण्याचा आदेश देऊ शकतात. म्हणून जमा पावतीबरोबरच, हस्तांतराची प्रक्रिया सुरू करत आहोत, असा अर्ज सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात गृहशाखेकडे देऊन त्याची पोच घ्या.

आता भाच्याकडे वळू. तो आपल्या वडिलांचा नातू आहे हे खरे, पण हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे मुलगी हयात असताना तिचा मुलगा पहिल्या वर्गाचा वारस होत नाही. वारस आहेत त्या आपल्या आई, आपण दोघे भाऊ आणि बहीण. शस्त्र नियम, 2016 मध्ये मृत परवानाधारकाच्या वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे, आणि ती वाट आपल्या बहिणीला नक्कीच खुली आहे. परंतु बंदूक भाचा वापरणार आणि परवाना त्याच्या आईच्या नावावर, अशी व्यवस्था मुळीच करू नका. कुळागरात एकटा भाचा बंदूक घेऊन दिसला की ती त्याच्या हातात बिनपरवान्याचीच ठरते. माझ्या मते सरळ मार्ग हा की भाच्याने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या गरजेवर परवाना मागावा, आणि चारही वारसांनी, ही बंदूक त्याला देण्यास आमची हरकत नाही, अशी प्रतिज्ञापत्रे करून द्यावीत. ‘संमती आहे’ हे शब्द पत्रात पुरतात, दप्तरात पुरत नाहीत.

भाच्याचा अर्ज सिंधुदुर्गात नव्हे, तर तो राहतो तिथे, म्हणजे उत्तर गोव्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाईल. नमुना अ-1 मधील अर्ज, ओळखीचे व रहिवासाचे पुरावे, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र ही कागदपत्रे लागतील. अर्जदाराचे वय 21 वर्षे पूर्ण असले पाहिजे आणि एका व्यक्तीकडे दोनपेक्षा जास्त बंदुका असता कामा नयेत. ही मर्यादा पूर्वी तीन होती, ती डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने दोनवर आली, आणि वारशाने येणारी बंदूकसुद्धा त्याच मोजणीत धरली जाते. शेतीसंरक्षण हे कारण देणार असाल तर एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबारावर, भाच्याचे नाव आहे का, ते आधी पाहा. कुळागर त्याच्या वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर असेल, तर कसणारा तोच असल्याचा पुरावा जोडावा लागेल.

खरी अडचण मला वेगळीच दिसते आणि ती आपल्या पत्रात कुठेही नाही. सत्तरी तालुक्यातच 1999 साली जाहीर झालेले, सुमारे 208 चौरस किलोमीटरचे म्हादई अभयारण्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 34 प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. भाच्याचे घर या परिघात येत असण्याची शक्यता मोठी आहे. पोलिसांचा अहवाल अनुकूल आला तरी या एका संमतीवाचून फाईल थांबते, आणि अर्जदाराला वाटते की कोणीतरी मुद्दाम अडवले आहे. म्हणून ही संमती लागेल का, हे अर्ज करतानाच जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्या. परवाना मिळाला म्हणजे डुकरे मारण्याची मुभा मिळाली असेही भाच्याने समजू नये. रानातल्या जनावरावर गोळी झाडणे हा या दुसऱ्या कायद्याचा विषय आहे आणि त्याची परवानगी वेगळी असते.

परवाना हाती आला की उरलेले काम बऱ्यापैकी सोपे असते. भाच्याच्या परवान्याची प्रत, वारसांची प्रतिज्ञापत्रे आणि जमा पावती जोडून बंदूक त्याच्या ताब्यात देण्याचा अर्ज सिंधुदुर्गच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करा. वडिलांचा परवाना रद्द करून राष्ट्रीय शस्त्रपरवाना नोंदीत हा बदल घेण्याची विनंती त्याच अर्जात करा. भाच्याच्या परवान्यावर यूआयएन, म्हणजे त्या नोंदीतला क्रमांक, असलाच पाहिजे. बंदूक न्यायला भाच्यानेच यायचे आहे, मित्राने किंवा चालकाने नव्हे. येण्यापूर्वी त्याने परवान्यावरचा ‘कार्यक्षेत्र’ हा रकाना वाचावा. त्यात फक्त गोवा किंवा एखादा जिल्हा लिहिलेला असेल, तर ठाण्यापासून हद्दीपर्यंतचा महाराष्ट्रातला रस्ता त्या परवान्यात बसत नाही. तेवढ्या प्रवासासाठी आधी लेखी परवानगी घ्यावी, किंवा दोन शस्त्रविक्रेत्यांमार्फत बंदूक पोचती करावी. घरी नेल्यानंतर परवान्यात सांगितलेल्या मुदतीत ती दाखवून क्रमांकाची नोंद करून घेणे त्याच्याकडे. वडिलांच्या वेळची काडतुसे मात्र त्याला देऊ नका. ओल खाल्लेले काडतूस दाबले जाते पण उडत नाही, किंवा उडायचे तेव्हा न उडता नंतर उडते. ती ठाण्यातच राहू द्या.

प्रश्न : मी 72 वर्षांचा निवृत्त सैनिक असून सातारा जिल्ह्यात राहतो. माझ्याकडे परवान्याचे .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर आहे. मुलगी बेंगळुरूला असते. माझ्या हयातीतच ते तिच्या नावावर करता येईल का?

उत्तर : येईल, आणि हयातीत करणेच शहाणपणाचे. शस्त्र नियम, 2016 मधील नियम 25 प्रमाणे परवानाधारकाचे वय 70 झाले असेल किंवा त्याने शस्त्र 25 वर्षे बाळगले असेल, तर यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून त्याने नामनिर्देशित केलेल्या वारसाला परवाना देता येतो. आपण वयाच्या अटीत बसता. मुलीने अर्ज बेंगळुरूच्या पोलीस आयुक्तांकडे करावा, कारण आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना प्राधिकारी तेच असतात. आपण साताऱ्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे नामनिर्देशनाचे पत्र द्यावे. मुलगी म्हणून तिला पात्रतेच्या अटींत सूट मिळणार नाही. प्रशिक्षण, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पोलीस पडताळणी तिलाही आहेच. वारसाऐवजी परवाना असलेल्या एखाद्या त्रयस्थाला शस्त्र द्यायचे असते, तर कलम 5 प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागले असते. तिचा परवाना होईपर्यंत रिव्हॉल्व्हर आपल्याच ताब्यात आणि आपल्याच परवान्यावर राहील, म्हणून या काळात आपले नूतनीकरण चुकवू नका.

प्रश्न : आमच्या वाड्यात भिंतीवर पणजोबांची ठासणीची बंदूक टांगलेली आहे. ती इंदूरच्या चुलतभावाला दिवाणखान्यात लावण्यासाठी द्यायची आहे. हिलाही परवाना लागतो का?

उत्तर : जुनी आहे एवढ्याने परवाना टळत नाही. जुनाट घडणीची, पुराणवस्तू म्हणून मोल असलेली किंवा नादुरुस्त बंदूक, दुरुस्ती करूनही वापरता येणार नसेल, तरच शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मधली सूट लागू होते. आपली ठासणीची नळी मोकळी असेल आणि घोडा पडत असेल, तर ती शोभेची वस्तू नसून बंदूकच आहे. ती वापराबाहेर गेली आहे की नाही हे घरातल्यांनी ठरवायचे नसते. पोलीस ठाण्याला कळवून जाणकाराकडून तपासून घ्या, तसे लेखी मिळवा आणि त्या कागदाची प्रत बंदुकीबरोबर इंदूरला जाऊ द्या.