मार्च एंड आणि ऑस्कर एकदमच आलं की…

प्रश्न : ताई नमस्कार, मी मंगळवार पेठेत राहते, पतसंस्थेत नोकरीला आहे. दरवर्षी ऑस्कर झालं की पुण्यातला भाऊ फोन करून अर्धा तास बोलतो, याला मिळायला नको होतं, त्याच्यावर अन्याय झाला, आणि मी नुसतं हं हं करत बसते कारण त्यातला एकपण सिनेमा बघितलेला नसतो. या खेपेला ठरवलंय, नॉमिनेशन लागली की सोहळ्याच्या आत सगळेच्या सगळे बघून संपवायचे. नवरा म्हणतोय याड लागलंय तुला. सासूबाईंचा प्रश्न वेगळाच, माझ्या सिरियलचं काय? घरात टीव्ही एकच आणि त्यात आमचा मार्च एंड. जमेल का हो? आणि कोल्हापुरात बसून हे सगळे मिळतात तरी का?

उत्तर : याड लागलंय हे खरं, पण मलाही एका वर्षी लागलं होतं त्यामुळं नवऱ्याची बाजू घेणार नाही. वहीत यादी लिहून रोज रात्री एक टिक मारायची असा माझा खाक्या होता. एकतीस टिका झाल्या आणि त्यातले सहा-सात सोडले तर आज मला काय आठवत नाही, एका सिनेमात शेवटी म्हातारा मेला की म्हातारी यावरून बहिणीशी भांडण झालं तेवढं लक्षात आहे.

आधी हिशोब मांडू, तू पतसंस्थेतली आहेस म्हणजे आवडेल तुला. कास्टिंगचं, म्हणजे कुठल्या भूमिकेला कोण हे निवडण्याचं, नवं बक्षीस सुरू झाल्यापासून कॅटेगऱ्या झाल्यात २४. बेस्ट पिक्चरला १० नावं, बाकी प्रत्येकाला ५, म्हणजे कागदावर १२५ जागा. घाबरू नको, तेच तेच सिनेमे चार-पाच ठिकाणी असतात, त्यामुळं खरे सिनेमे निघतात पन्नासच्या आसपास. आणि दिवस? २०२५ ला नॉमिनेशन २३ जानेवारीला लागली आणि सोहळा २ मार्चला, म्हणजे ३८ दिवस. २०२६ ला २२ जानेवारी ते १५ मार्च, ५२ दिवस. तर रोज एक, एकही खाडा नाही, पाहुणा नाही, लग्न नाही, कुणाला ताप नाही, असं धरलं तरी ओढाताणच. मार्च एंडला तुला हे जमणार नाही, स्पष्टच सांगते.

पण यातल्या १५ तर शॉर्ट फिल्म असतात, ॲनिमेशनच्या ५, लाइव्ह ॲक्शनच्या ५ आणि डॉक्युमेंटरीच्या ५. नियमानं शॉर्ट म्हणजे श्रेयनामावली धरून ४० मिनिटांच्या आत. सगळ्या अगदी ४० मिनिटांच्या धरल्या तरी १५ मिळून दहा तास, आणि बऱ्याच तर त्याच्या निम्म्या असतात! म्हणजे यादीतला जवळजवळ तिसरा हिस्सा दोन रविवारात खलास, आणि यातल्या काही ऑनलाइन फुकट पण असतात. सगळे लोक बेस्ट पिक्चरपासून सुरुवात करतात आणि तिथंच दमतात कारण तिथले सिनेमे लांबलचक, २०२५ ला 'द ब्रुटलिस्ट' होता तो साडेतीन तासांच्या वर, त्यांनी स्वतःच मधे १५ मिनिटांचा इंटरव्हल ठेवलेला (आपल्याला त्याचं काय कौतुक, आपल्याकडं दीड तासाच्या सिनेमालापण वडापावपुरता इंटरव्हल असतोय).

सासूबाईंना बाजूला काढू नको, सोबत घे. इंग्रजीची अडचण असेल तर ॲनिमेशनची कॅटेगरी त्यांच्याबरोबर कर. २०२५ ला जिंकलेला 'फ्लो' बघा, लॅटव्हियाचा, एक मांजर आणि पुराचं पाणी, आख्ख्या सिनेमात एक शब्द नाही. पुराचं पाणी चढताना बघून कोल्हापूरच्या माणसाला जे वाटेल ते कॅलिफोर्नियातल्याला वाटणार नाही.

आता मिळतात का. काही ओटीटीवर असतात, काही उशिरा भाड्यानं बघायला मिळतात आणि काही थेटरला लागतात पण आपल्याकडं एक आठवडा, तोपण रात्रीचा एकच शो, मंगळवारी जाऊ म्हणेपर्यंत गेलेला असतो. पुण्यात त्यातले जास्त लागतात, भाऊ आहेच तर एका शनिवारी सकाळची गाडी धर आणि दोन-तीन एकदम उरकून ये. शाहू स्मारकात बाबूराव पेंटरांच्या नावाची फिल्म सोसायटी आहे तिथल्या लोकांशी ओळख ठेव, परदेशी सिनेमा कुठं मिळेल हे त्यांना बरोबर माहीत असतं. परदेशी आणि डॉक्युमेंटरीतले दोन-चार तरी सोहळ्याच्या आधी इथं कुठंच मिळत नाहीत, त्यांची नावं लिहून ठेव आणि एप्रिलमध्ये बघ. टेलिग्रामवरची ती थेटरात चोरून शूट केलेली प्रिंट मात्र बघू नको, कॅमेऱ्याच्या कामाला नॉमिनेट झालेला सिनेमा समोरच्याच्या डोक्याआडून बघण्यात काय अर्थ आहे.

म्हणून माझं ऐक, सगळे बघायचा नाद सोड, तीन-चार कॅटेगऱ्या पूर्ण कर. पाचाचे पाच. गंमत सांगू, ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या मेंबरांनापण शेवटच्या फेरीत मत द्यायच्या आधी त्या कॅटेगरीतले सगळे सिनेमे बघायलाच पाहिजेत असा नियम थेट २०२६ च्या सोहळ्यापासून लागलाय, तोपर्यंत न बघता शिक्के मारणारे किती असतील देव जाणे. तू पाच बघितलेस की भावापुढं हं हं करायची गरज नाही, तुझं मत त्याच्यापेक्षा भारी.

आणि कॉश्चूम डिझाइनची कॅटेगरी सोडायची नाही! भारताला पहिलं ऑस्कर मिळालं ते याच कामासाठी, १९८३ ला, 'गांधी' सिनेमाच्या कपड्यांसाठी, जॉन मोलो यांच्याबरोबर भानू अथैया यांना. आणि भानू अथैया कुठल्या, तर आपल्या कोल्हापूरच्या, माहेरचं नाव राजोपाध्ये, जन्म १९२९ चा. ती बाहुली नीट जपली जावी म्हणून २०१२ मध्ये त्यांनी अकादमीकडंच परत दिली. महाद्वार रोडला साडी घेताना काठ, पोत, रंग बघून दुकानदाराला घाम फोडणाऱ्या बायका आपण, हे पाच सिनेमे आपण नाही बघायचे तर कुणी?

प्रश्न : सोहळा आपल्याकडं नक्की किती वाजता असतो? एका वर्षी साडेपाचला उठलो तर निम्मा होऊन गेलेला. — राजारामपुरी

उत्तर : घोळ तिकडच्या घड्याळाचा आहे. तिथं लॉस एंजेलिसला रविवारी दुपारी चारला सुरू होतो. पण मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास पुढं करतात, आपण नाही करत. त्यामुळं सोहळा त्याच्या आधी असला, जसा २०२५ ला होता, तर आपल्याकडं सोमवारी पहाटे साडेपाच, आणि त्या रविवारी किंवा नंतर असला, जसा २०२४ आणि २०२६ ला, तर साडेचार. उठवत नसेल तर सातला उठा, मोठी बक्षिसं शेवटीच असतात.

प्रश्न : मराठी सिनेमा ऑस्करला गेला असं पेपरात येतं, मग नॉमिनेशनच्या यादीत का दिसत नाही?

उत्तर : कारण 'गेला' म्हणजे भारताकडून पाठवला. परदेशी सिनेमाच्या कॅटेगरीला प्रत्येक देश एकच सिनेमा पाठवतो, त्यातून गाळत गाळत पाच उरतात, नॉमिनेशन त्या पाचांना. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' हे पाठवले गेले, पाचात नाही आले. भारताचे पाचात आलेले ते 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. पेपरवाल्यांना एवढा फरक करायला सांगा, मी सांगून थकले.