‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’मधला झायकॉन एवढा बलाढ्य असूनही निर्णय इतक्या बेफिकिरीने का घेतो? ही कथाकाराची उणीव म्हणायची का?

आपण विचारले आहे की, ज्याच्यासमोर अख्खे शहर टिकत नाही असा झायकॉन हाती आलेल्या शत्रूला परत जाण्याची मुभा कशी देतो, स्वतःच्या जिवाशी निगडित गोष्टी दुसऱ्यांवर कशा सोपवतो, आणि नायकांना वाचवण्यासाठीच लेखकाने त्याला मुद्दाम कमअकल करून ठेवले आहे काय. मी ही चित्रकथा जळगावला वसतिगृहात असताना पहिल्यांदा वाचली आणि त्यानंतर दोनदा सुरुवातीपासून पुन्हा वाचली. माझे मत असे आहे की झायकॉनची बेफिकिरी ही लेखनातली चूक नाही. ते त्या पात्राचे सर्वांत काळजीपूर्वक घडवलेले अंग आहे. उत्तरात पुढचे बरेच प्रसंग उघड होतील, त्यामुळे ज्यांना कथा अजून वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावे.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिच बर्लू यांनी 2003 मध्ये इंटरनेटवर सुरू केलेली ही काडीमाणसांची चित्रकथा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या नियमांवर उभी आहे. जगाचा घास घेऊ शकणारे एक अक्राळविक्राळ अस्तित्व पाच दरवाजांआड कोंडलेले आहे आणि ते दरवाजे ताब्यात घेण्यासाठी झायकॉन हा मांत्रिक आणि रेडक्लोक हा गॉब्लिन पुरोहित निघालेले आहेत. झायकॉन ‘लिच’ आहे, म्हणजे मेल्यानंतरही मंत्रबळाने चालताबोलता राहिलेला हाडांचा सापळा. त्याचा प्राण शरीरात नसून एका ताइतात आहे. शरीर नष्ट झाले तरी ताईत शाबूत असेपर्यंत काही दिवसांत नवे शरीर तयार होते.

हे वाचताना मला आजीने सांगितलेल्या गोष्टी आठवतात. त्या गोष्टींतल्या राक्षसाचा जीव पोपटात असे, पोपट पिंजऱ्यात असे आणि पिंजरा सात समुद्रांपलीकडे असे. राक्षस कितीही उन्मत्त असला तरी पोपटाच्या बाबतीत तो सावध असायचा. झायकॉनने काय केले पाहा: त्याचा ताईत म्हणजे रेडक्लोकच्या गळ्यातले देवाचे चिन्हच आहे. पोपट त्याने दुसऱ्याच्या गळ्यात राहू दिला, आणि तोही अशा माणसाच्या की ज्याचा स्वतःचा वेगळा हेतू आहे. दरवाजांजवळचा विधी पूर्ण झाला की सत्ता आपल्या हाती येईल असे झायकॉन समजतो. प्रत्यक्षात ती गॉब्लिनांच्या देवाच्या हाती जाणार आहे, आणि हे रेडक्लोकने त्याला कधीही सांगितलेले नाही. ही व्यवस्था झायकॉनने वर्षानुवर्षे तपासलेली नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला इथूनच सुरू होताना दिसते.

झायकॉन मूर्ख आहे असे म्हणणाऱ्यांनी ॲझ्युअर सिटी या शहराच्या सिंहासनगृहातला, जिथे त्या पाचांपैकी एक दरवाजा आहे तिथला, प्रसंग पुन्हा पाहावा. समोर धर्मयोद्ध्यांची अख्खी फळी तलवारी उपसून उभी आहे आणि झायकॉन खिशातून लहान मुले खेळतात तसा एक रबरी चेंडू काढून टाकतो. चेंडू जमिनीवरून भिंतीवर, भिंतीवरून छताकडे उसळत राहतो आणि त्याच्यावर कोरलेले वेड लावणारे चिन्ह एकामागून एक प्रत्येकाच्या नजरेस पडते. काही क्षणांत ते योद्धे एकमेकांनाच कापू लागतात. त्या वेडाच्या चिन्हाची नेहमीची अडचण ही की ते एका जागी असते आणि शत्रूला तिथपर्यंत यावे लागते. चेंडूमुळे ते चिन्हच शत्रूपर्यंत पोहोचले. ज्याला अशी युक्ती सुचते त्याला कमअकल म्हणता येत नाही.

पण खरा धडा त्याच दालनात, त्यानंतरच्या घटकेत आहे. ते योद्धे ज्या दरवाजाच्या रक्षणासाठी मेले त्याच्याभोवती त्यांच्याच संघातल्या मेलेल्या योद्ध्यांचे आत्मे पहाऱ्याला आहेत, ही शक्यता झायकॉनच्या मनात आलेली नसते. त्या संघाचा संस्थापक सून याच्या नेतृत्वाखाली ते आत्मे उभे राहतात आणि झायकॉन व रेडक्लोक या दोघांनाही संपवण्याच्या बेतात येतात. ते वाचतात ते स्वतःच्या बळावर नाही. मिको ही पदच्युत झालेली योद्धा गैरसमजातून दरवाजाचा नीलमणी फोडते, त्याबरोबर आत्म्यांची बांधणी सुटते आणि दोघे निसटतात. एका शत्रूच्या चुकीने आपला जीव वाचला हे ध्यानात घेऊन कोणीही शहाणा माणूस आपली पद्धत बदलेल, पण झायकॉन बदलत नाही. त्याच्या हिशेबात शहर पडले, शत्रू मेले आणि तो उभा आहे, एवढेच जमा होते.

याआधीही तेच झालेले असते. दुसरा एक दरवाजा असलेल्या डोरुकानच्या किल्ल्यात रॉय या कथानायकाने त्याला उचलून दरवाजावर फेकले तेव्हा त्याच्या शरीराचा चुरा झाला; ताईत होता म्हणून तो परत आला. पुढे ॲझ्युअर सिटीच्या लढाईत तोच रॉय मेलेल्या ड्रॅगनच्या पाठीवर उडी मारून त्याच्याशी एकटा भिडतो, तेव्हा झायकॉन त्याला सुचवतो की तू अजून कच्चा आहेस, जा, थोडा तयार हो आणि मग ये. रॉय नकार देतो आणि मरतो. आपला आक्षेप बहुधा याच प्रसंगावर आहे. मला तो प्रसंग अगदी सुसंगत वाटतो, कारण ज्याने आपल्याला एकदा नष्ट केले त्याच माणसाला झायकॉन प्रतिस्पर्धी मानायला तयार नाही. नष्ट होण्याची किंमत त्याला कधी मोजावीच लागली नाही, मग तो ती घटना पराभव म्हणून का लक्षात ठेवेल?

हे मला पुस्तकातून कळले नाही, केळीच्या मळ्यातून कळले. आमचे गाव यावल तालुक्यात आहे. केळी निसवली आणि घड भरू लागला की झाडाचा तोल पुढे जातो, म्हणून बांबूचा टेका द्यावा लागतो किंवा पट्टीने बांधून घ्यावे लागते. माझे मोठे काका, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, टेक्यांवर पैसा घालत नसत. त्यांच्या केळीची खोडे जाड असत हे खरे होते, आणि सलग सहा वर्षे वादळ आमच्या शिवाराला बगल देऊन गेले हेही खरे होते. दर वर्षी नाना दुसरी गोष्ट विसरत गेले आणि पहिलीवर त्यांचा विश्वास वाढत गेला. मी बारावीत असताना जूनच्या सुरुवातीला संध्याकाळी वारा सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर मळ्यात गेलो तेव्हा झाडे ओळीने एकाच दिशेला आडवी पडली होती, घड चिखलात रुतले होते आणि मोडलेल्या खोडांचा चीक आमच्या हातांवर काळा पडत होता. शेजारच्या टेके दिलेल्या मळ्यातही नुकसान झाले होते, पण बरीच झाडे उभी होती. नाना फार वेळ काहीही बोलले नाहीत. पुढच्या हंगामात त्यांनी सर्वांच्या आधी बांबू आणून ठेवले.

नाना बदलू शकले, कारण त्यांचे नुकसान त्यांच्या पदरात पडले. झायकॉनचे नुकसान त्याच्या पदरात पडतच नाही. सहा वर्षांची नशिबाची साथ माणसाला एवढी भोवते, तर ज्याचे शरीर प्रत्येक वेळी नव्याने उभे राहते त्याच्यात सावधपणा कुठून यावा, असा विचार मी तेव्हापासून करत आलो आहे.

खानदेशाच्या इतिहासातही याच्या जवळ जाणारे एक उदाहरण आहे. फारुकी घराण्याचा शेवटचा सुलतान बहादूर याने अकबरापुढे नमते न घेता असीरगडाचा आश्रय घेतला. हा गड आज मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरजवळ आहे आणि त्या काळी तो अजिंक्य मानला जाई. वर तोफा होत्या, धान्य होते, पाणी होते. गड हल्ल्याने पडला नाही. आत कोंडलेल्या गर्दीत रोगराई पसरली, माणसे फुटली, बहादूर स्वतः बोलणी करायला बाहेर आला आणि 1601 च्या जानेवारीत गड मोगलांकडे गेला. गड भक्कम आहे ही माहिती बरोबर होती. फक्त त्या एका भरवशावर बाकीचे सगळे निर्णय टाळले गेले. झायकॉनचा ताईत मला त्याच जातीचा वाटतो.

आता दुसरे कारण, आणि माझ्या मते हे अधिक खोल आहे. 2007 मध्ये आलेल्या ‘स्टार्ट ऑफ डार्कनेस’ या पूर्वकथेच्या पुस्तकात झायकॉन लिच कसा झाला ते सांगितले आहे. म्हातारपणी त्याला कैद होते, मंत्रशक्ती हिरावणारा रोग जडवला जातो आणि सुटकेचा मार्ग म्हणून रेडक्लोक त्याला हे रूप देतो. त्यानंतर एका खानावळीत तो कॉफी मागवतो. ही त्याची आवडती गोष्ट असते. पेला तोंडाला लावल्यावर त्याला कळते की चव लागत नाही, आणि यापुढे कधीच लागणार नाही. त्या एका घोटानंतर तो जे काही करतो त्यातून हे स्पष्ट होते की दुसऱ्याला छळणे हीच एक चव आता त्याच्यासाठी उरली आहे. मी हे पान पहिल्यांदा वाचले तेव्हा खलनायकासाठी वाईट वाटल्याचे मला चांगले आठवते.

त्यामुळे ज्या निर्णयांना आपण निष्काळजी म्हणतो त्यांतले कित्येक मला कंटाळ्यातून घेतलेले दिसतात. रॉयला परत पाठवण्यात शहाणपण नाही, पण उद्याची करमणूक आहे. त्याने अंधारात दडवून ठेवलेल्या एका प्रचंड प्राण्याचेच पाहा. झायकॉनकडे असलेले ते बहुधा सर्वांत मोठे अस्त्र आहे, आणि ते एखाद्या दिवशी नाट्यमय रीतीने प्रकट करावे म्हणून तो ते झाकून ठेवतो. मधल्या काळात तो प्राणी आत एखाद्या लहान मुलासारखा एकटा असतो, आणि ओ-चुल नावाचा कैदी पिंजऱ्यातूनच त्याच्याशी खेळून, बोलून मैत्री जोडतो. वेळ येते तेव्हा तोच प्राणी ओ-चुल आणि रॉयच्या गटातला जादूगार व्हार्सूव्हियस या दोघांना झायकॉनच्या हातून सोडवतो. त्या प्राण्याशी चार शब्द नीट बोलावेत असे झायकॉनला कधीही वाटले नव्हते.

एका बाबतीत मी आपल्याशी सहमत आहे. ॲझ्युअर सिटी जिंकल्यावर झायकॉन तिथे महिनोन् महिने बसून राहतो आणि रेडक्लोक वेगवेगळी कारणे देऊन मुक्काम लांबवतो, हा भाग ताणलेला आहे. इतका उतावळा माणूस इतका थांबेल हे पटायला मला दुसरे वाचन लागले. तरी त्यातूनच पुढचा प्रसंग उभा राहतो, म्हणून मी तो सोडून द्यायला तयार नाही.

ओ-चुल आणि व्हार्सूव्हियस यांच्या त्या सुटकेच्या झटापटीत ताईत हातचा निसटून शहराच्या गटारांत जातो आणि रेडक्लोकचा एक डोळा फुटतो. झायकॉन संतापून हुकूम करतो की ताईत मिळेपर्यंत रेडक्लोकने डोळा बरा करून घ्यायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या जिवाची खरी काळजी वाटते आहे, आणि त्या क्षणी तो करतो काय, तर ज्याच्यावर तो जीव अवलंबून आहे त्याचाच रोज अपमान करत राहतो. आरशात पाहताना रेडक्लोकला रोज तो रिकामा डोळा दिसणार, याचा अर्थ झायकॉनला समजत नाही. ताईत अखेर रेडक्लोकलाच सापडतो, तो हुबेहूब नक्कल बनवून झायकॉनच्या स्वाधीन करतो आणि खरा ताईत स्वतःजवळ ठेवतो. शोध संपला म्हणून झायकॉन समाधानाने पुढच्या मोहिमेला लागतो आणि मिळालेले ते खोटे चिन्ह आपला प्राण म्हणून जपतो.